खोट्या थपडेचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी एका माणसाचे दोन दात पाडले आहेत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. कॅमेऱ्याची गोष्ट म्हटली की तुम्ही फुले, फुलपाखरे आणि वाढदिवसाचे फुगे यांची वाट बघत बसाल. माझ्या आयुष्यात ती फार थोडी आली. मी पाहिली ती मारहाण, आणि तीही अंधुक उजेडात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी मला चिमट्यात धरून जोडले. शेवटी एका बाईने माझे बटण दाबून पाहिले. खट्! माझ्या आतला पडदा उघडला आणि मिटला. तेवढाच एक शब्द मला येतो, आणि जन्मभर मी तोच बोलत आलो. मग मला खोक्यात घातले आणि खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असे छापले. त्याचा मला फार राग आला. मला राग लवकर येतो, हे तुमच्या लक्षात येईलच.

माझ्या पहिल्या मालकाने मला हौसेने आणले आणि आठवडाभरात कंटाळला. माझ्या कपाळावर एक छोटा दिवा आहे, त्याला फ्लॅश म्हणतात. जरा अंधार दिसला की तो टुणकन वर उठायचा आणि समोरच्याच्या तोंडावर उजेडाची चपराक मारायचा. माणसे डोळे मिटायची. मागची भिंत काळी पडायची. फोटोत सगळे घरचे लोक नुकत्याच पकडलेल्या चोरांसारखे दिसायचे. "याला अंधारात काही दिसत नाही," असे म्हणून त्याने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात विकून टाकले. अहो, दिसत होते! त्याने कधी मला डोळा पुरता उघडू दिला नाही, त्याला मी काय करणार?

त्या दुकानाच्या फळीवर मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी सकाळी तिथे एक बाई आली. ती एका नाट्यशाळेच्या खिडकीत तिकिटे विकायची, म्हणून तिला सगळे तिकीटताई म्हणत.

दुकानदाराने तिच्यापुढे एक चकचकीत, लांब सोंडेचा कॅमेरा ठेवला. "हा घ्या ताई. एवढा झूम आहे की समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या दाढीचे केस मोजाल."

"मला दाढी नाही मोजायची. मला अंधारात पळणारा माणूस पकडायचाय."

"चोर?"

"नट."

तिने सगळे सांगितले. नाट्यशाळेबाहेरच्या काचेच्या कपाटात नव्या नाटकाचे फोटो लावायचे होते. रंगमंचावर उजेड कमी, तोही लाल. फ्लॅशला सक्त मनाई, कारण नटांचे डोळे दिपतात आणि प्रेक्षक शिव्या देतात. मोबाईलने काढून पाहिले, तर सगळ्यांची तोंडे मेणाच्या पुतळ्यांसारखी गुळगुळीत आली. शिवाय नाटक कंपनीकडे पैसे बेताचेच होते.

"मागच्या खोलीत चला," ती म्हणाली. "इथल्या झगझगाटात काय, कुठलाही कॅमेरा शहाणा दिसेल."

मागच्या खोलीत एकच पिवळा दिवा होता. ताईने दुकानदाराला धूळ झटकायचा फडका हातात घेऊन जोरजोरात हलवायला लावले. सोंडेवाल्याने फोटो काढला, तर फडक्याचा धूर झालेला. मग दुकानदाराने मला फळीवरून खाली काढले, माझे मूळचे भिंग उतरवले आणि एक बुटके भिंग बसवले. हे भिंग पुढेमागे होत नाही. जवळचे हवे असेल तर आपणच चालत जवळ जायचे. खट्! माझ्या फोटोत फडक्याची घडी दिसली, आणि दुकानदाराच्या सदऱ्याचे तुटलेले बटणही दिसले.

यात माझी काही जादू नाही, मित्रांनो. भिंगात एक भोक असते, ते लहानमोठे करता येते. भिंगावर लिहिलेला आकडा जितका लहान, तितके भोक मोठे. हे उलटे वाटते खरे, पण आमच्यात असेच चालते. त्या बुटक्या भिंगाचे भोक चांगले ऐसपैस होते. आणि भिंगामागे उजेड झेलणारा एक तुकडा असतो. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? मोबाईलकडे वाटी असते. माझ्याकडे परात आहे.

"दाणे दिसतायत हो फोटोत," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "वाळू भुरभुरल्यासारखे. एवढ्या अंधारात ते येणारच."

"दाणे चालतील," ताई म्हणाली. "चेहरा पुसला जायला नको."

तिने मला गळ्यात अडकवले. त्या दिवशी मी फार खूश होतो.

आता नाटकाचे सांगतो. त्यात एक सरदार लढाईवरून परत येतो आणि संशयाने आपल्या तरुण बायकोचा छळ करतो. तो तिला थपडा मारतो, केस धरून फरफटवतो आणि शेवटच्या अंकात तिचा गळा दाबतो. सरदाराचे काम करणाऱ्या नटाला सगळे बाहेरही 'सरदार'च म्हणायचे. उंच, भारदस्त आवाजाचा माणूस. आणि त्याच्या बायकोचे काम करत होती ताईची धाकटी बहीण. तिला सगळे चिमणी म्हणत. तिचे हे पहिलेच मोठे काम होते. ते मिळावे म्हणून ताईने दिग्दर्शक मास्तरांचे उंबरठे झिजवले होते.

रंगमंचावर मारण्याची एक रीत असते. मास्तर तालमीत ती पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे. मारणाऱ्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो. त्याच क्षणी मार खाणारी छातीपाशी स्वतःच टाळी वाजवते आणि मान झटकते. टाळीचा 'फाट्' आवाज प्रेक्षकांना थपडेचा वाटतो. केस ओढायचे असले, तर तो नुसती मूठ डोक्यावर ठेवतो आणि ती त्याचे मनगट धरून स्वतःच पुढे सरकते. गळा दाबताना त्याचे हात खांद्यांवर टेकलेले असतात. आणि काही चुकलेच, तर तिने तळहात फळ्यांवर दोनदा आपटायचा, की समोरच्याने तिथल्या तिथे थांबायचे.

"मार खाणारीच्या हातात सगळं असतं," मास्तर म्हणायचे. "मारणारा नुसता वारा घालतो."

सुरुवातीचे खेळ तसेच झाले. मी पहिल्या रांगेच्या अगदी कोपऱ्यातून पाहत होतो. ताईचे पहिले फोटो हलले, पुढचे काळे आले, पण ती चिकाटीची होती. माझ्या पापणीचा वेग कसा वाढवायचा, डोळा पुरता कसा उघडायचा, नटाच्या बुबुळावर नेम कसा धरायचा, हे सगळे ती शिकली. कोपऱ्यातून मला त्या थपडांची युक्ती साफ दिसायची. गाल आणि हात यांच्यातली ती वीतभर जागा, छातीपाशी जुळलेले चिमणीचे तळवे. मास्तर फोटो बघून कपाळावर हात मारून घ्यायचे. "अगं, कोपऱ्यातून काढू नकोस! सगळी युक्ती दिसते."

मग एका दुपारच्या खेळात सरदाराचा अंदाज चुकला आणि हात खरोखर गालावर बसला. चिमणी खरीच कळवळली. अंधारात बसलेल्या शेकडो माणसांनी एकदम श्वास आत ओढला. तो आवाज मी ऐकला. सरदारानेही ऐकला. मला वाटते, त्याच क्षणी त्याला त्याची चटक लागली. एवढे दिवस टाळ्या चिमणीला पडत होत्या आणि तो आतल्या आत धुमसत होता. आता त्याला प्रेक्षकांचा श्वास रोखायची किल्ली सापडली.

पुढच्या खेळात त्याने पुन्हा मारले, आणि त्या वेळी अंदाज चुकलेला नव्हता. मी तुम्हाला सांगतो, खऱ्या थपडेत गाल लाटेसारखा हलतो. ओठ दातांवर चिरडतो. एक डोळा आपोआप मिटतो आणि दुसरा उघडाच राहतो. माझी पापणी इतकी झटकन मिटते, की मी हे सगळे थिजवून ठेवले. त्याने तिचे केस मुठीत पिळले आणि तिला खरोखर ओढले, तेव्हा तिचे गुडघे फळ्यांवर घासत गेले. तिच्या बोटांवर त्याने बूट ठेवला आणि टाच फिरवली. ती किंचाळली. लोक टाळ्या वाजवू लागले. ती जितकी किंचाळायची, तितक्या टाळ्या वाढायच्या. मी ओरडत होतो, खट् खट् खट्, पण माझ्या ओरडण्याला कोण विचारतो?

चिमणीचा चेहरा रंगवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, रंगकाका. नाटकासाठी तेच तिच्या गालावर आणि दंडावर निळेजांभळे वळ रंगवायचे. खेळ संपला की तेल लावून ते पुसून काढायचे. एकदा ते पुसू लागले, तर दंडावरचा एक वळ जाईना. त्यांनी आणखी तेल घेतले, आणखी जोर लावला.

"हा रंग कसला भिकार पाठवलाय या वेळी," ते करवादले. "निघता निघत नाही."

"काका," चिमणी दात आवळून म्हणाली, "तो तुमचा नाहीये."

काकांना वाटले, पोरगी थट्टा करते. "माझा नाही तर कोणाचा? चाळीस वर्षं रंगवतोय मी," असे म्हणून त्यांनी फडका पुन्हा घासला. मी टेबलावर पडलो होतो. चिमणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळताना मी पाहिले.

त्याच संध्याकाळी तिने ताईला सांगितले. ताई तिच्या झग्याची बटणे काढत होती.

"ताई, तो मला खरं मारतो."

"अगं, तोल गेला असेल. एवढा धिप्पाड माणूस तो."

"रोज जातो तोल? बोटं बघ माझी."

ताईने बोटे पाहिली. ती सुजली होती. "नाटक म्हटलं की थोडं लागायचंच, चिमणे," ती म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "पहिलं काम आहे तुझं. आत्ता कुरकुर केलीस तर मास्तर दुसरी आणतील. जरा सांभाळून घे."

चिमणी मास्तरांकडेही गेली. मास्तर खुशीत होते, कारण नाट्यशाळा रोज भरत होती. "बाळ, लोक हुंदके देतायत. तुला आणखी काय पाहिजे? हा अभिनय आहे तुझा. लोकांना खरा वाटतो, आता तुलाही खरा वाटायला लागलाय, एवढंच."

मला तेव्हा वाटले, टेबलावरून उडी मारावी आणि सगळ्यांच्या पायांवर पडून बोटे चेचावीत.

दोन दिवसांनी काचेच्या कपाटासाठी फोटो निवडायची वेळ आली. ताईने माझ्यातले फोटो मास्तरांपुढे मांडले. मास्तर एका फोटोवर थांबले. सरदाराचा पंजा चिमणीच्या गालात रुतलेला, तिची मान वळलेली, ओठातून लाळेचा धागा सुटलेला.

"वा! हा बघ!" मास्तर ओरडले. "कोपऱ्यातून काढलाय, तरी युक्ती कुठे दिसत नाही! कॅमेरा स्वस्तातला असला तरी नावाजण्यासारखा निघाला हो."

मित्रांनो, आयुष्यात माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही. तो फोटो दारापेक्षा मोठा छापला आणि तिकीटखिडकीसमोरच्या कपाटात लावला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. रंगकाका चष्मा पुसून बघायचे आणि स्वतःच रंगवलेल्या वळांची वाहवा करायचे. सरदार तर मित्रांना घेऊन यायचा. चिमणी मान खाली घालून मागच्या दाराने आत जायची.

मग सुट्टीचा एक दिवस आला. दुपारचा खेळ चालू होता आणि ताई खिडकीत बसून पुढच्या खेळांची तिकिटे विकत होती. शेवटच्या अंकाचे फोटो काढायला आत जायचे, म्हणून मी तिच्या गळ्यातच होतो. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई खिडकीशी आली आणि मागे वळून त्या मोठ्या फोटोकडे बघू लागली.

"अहो, खरंच मारतात का हो तिला?"

हा प्रश्न ताईला रोज कोणी ना कोणी विचारायचे आणि तिचे उत्तर तोंडपाठ होते. ती हसून म्हणाली, "छे हो! युक्ती असते ती. हात गालाला लागतच नाही. आवाज येतो तो तिच्याच टाळीचा. ती छातीपाशी स्वतःच टाळी वाजवते. ते बघा ना तिचे हात, कसे..."

ताईने बोट दाखवले आणि ते बोट हवेतच राहिले.

चिमणीचे हात छातीपाशी नव्हते. ते दोन्ही बाजूंना लोंबकळत होते आणि मुठींनी झगा घट्ट धरलेला होता. आणि हा फोटो काढताना 'फाट्' आवाज तर ताईने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मी तिच्या छातीवर होतो. तिचे काळीज कसे धडधडू लागले, ते मला माझ्या पाठीत जाणवले.

आतून शेवटच्या अंकाचा ढोल ऐकू आला. ताई उठली. खिडकी उघडी, पैशांचा गल्ला उघडा, भाजीची पिशवी घेतलेली बाई "अहो, माझं तिकीट!" म्हणते आहे, आणि ताई पळते आहे. बोळातून, रंगखोलीतून, दोरखंडांना अडखळत ती थेट विंगेत पोहोचली. तिथे मास्तर उभे होते. ते हात चोळत पुटपुटत होते, "काय करतेय पोरगी! काय करतेय!"

लाल उजेडात सरदार चिमणीच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. त्याचे हात खांद्यांवर नव्हते. दोन्ही अंगठे तिच्या गळ्याच्या खळगीत रुतले होते. तिचा चेहरा काळानिळा पडला होता, जीभ दातांत आली होती. ती पाय झाडत होती. आणि तिचा तळहात फळ्यांवर आपटत होता. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा. शेकडो माणसे श्वास रोखून बसली होती, म्हणून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. कोणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. मास्तरांना माहीत होता, पण ते टाळ्यांची वाट बघत होते.

"मास्तर, ती हात आपटतेय!" ताई किंचाळली.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी गोठले, पण पाय हलले नाहीत. ताई थांबली नाही. तिने गळ्यातून मला उपसले, पट्टा मुठीला गुंडाळला आणि रंगमंचावर धावत जाऊन मला गरागरा फिरवले.

मी सरदाराच्या तोंडावर आदळलो. त्याचा ओठ फाटला. माझ्या कोपऱ्याखाली काहीतरी कडकन मोडले, ते त्याचे दात होते. त्याच्या रक्ताने माझे भिंग माखले आणि मला सगळे जग लाल दिसू लागले. त्याचे हात सुटले नाहीत, म्हणून ताईने मला पुन्हा हाणले, या वेळी कानशिलावर. माझ्या अंगाला तडा गेला. बुटके भिंग वाकले. तो कुशीवर कोसळला आणि दोन्ही हातांनी तोंड धरून गुरासारखा ओरडू लागला.

आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मित्रांनो. उभे राहून वाजवल्या. त्यांना वाटले, एक बाई येऊन सूड घेते, असाच नाटकाचा शेवट आहे. पडदा पडेपर्यंत ते वाजवत होते. पडद्यामागे ताई चिमणीला कवटाळून बसली होती आणि "श्वास घे, बाळा, श्वास घे," म्हणून तिच्या पाठीवर थापा मारत होती. खूप वेळाने चिमणीच्या छातीतून एक घरघर आली.

पुढे पोलीस आले. सरदार म्हणाला, अभिनयाच्या भरात भान राहिले नाही. मास्तर म्हणाले, आपसात मिटवू. पण माझ्या पोटात सगळ्या खेळांचे फोटो एकामागे एक होते, आणि त्या पहिल्या चुकलेल्या थपडेनंतरच्या एकाही फोटोतला पंजा खोटा नव्हता. रंगकाकांनी ते पाहिले आणि फडका घासणारा आपला हात मांडीखाली दाबून बसून राहिले. सरदाराला घेऊन गेले. मास्तरांची कंपनी बंद पडली.

चिमणी वाचली. तिच्या नरड्याला मात्र आतून दुखापत झाली होती. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल, पण पहिल्यासारखा येईल याची खात्री देत नाही.

ताई रुग्णालयात गेली, तेव्हा तिच्या पिशवीत मी होतो आणि त्या फोटोची एक छोटी प्रतही होती. चिमणी उशीला टेकून बसली होती. तिच्या गळ्याभोवती पट्टा होता. ताईने फोटो तिच्या मांडीवर ठेवला. "बघ, चिमणे. आता कोणी नाही म्हणू शकणार नाही. हात बघ तुझे, बघ किती स्पष्ट आलेत. पक्का पुरावा आहे आपल्याकडे."

चिमणीने फोटोकडे पाहिले नाही. ती ताईकडे बघत राहिली. मग कागद फाटावा तशा आवाजात, एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "ताई, मी तुला सांगितलं होतं."

ताई खाटेच्या कडेवर बसली आणि चिमणीचे सुजलेले हात हातात घेऊन रडली.

आता मी कपाटात पडून असतो. माझे भिंग फिरत नाही, पडदा अडकतो. तुम्ही कॅमेरा घ्याल तेव्हा महागडाच हवा असा हट्ट धरू नका. अंधारात फोटो काढायचे असतील, तर मोठ्या डोळ्याचा घ्या, अंधाऱ्या खोलीत तपासून घ्या आणि त्याला धुळीपासून जपा. एवढे केलेत तर माझ्यासारखा स्वस्तातलाही तुम्हाला पुरेल. पण तुमच्या जवळचे कोणी हळूच येऊन "मला मारतात" असे म्हणाले, तर कॅमेरा शोधायला जाऊ नका. मी खरे दाखवले, हे कबूल, पण मी उशिरा दाखवले. चिमणीने वेळेवर सांगितले होते.